हजेरी

सूर नावाच्या गावात मराठीचा वर्ग भरतो,
दर शुक्रवारी, नऊ ते अकरा.
वायूच्या कारखान्यातल्या लोकांची सतरा मुलं,
शाळेने उसनी दिलेली खोली,
आणि किल्ल्या सांभाळणारा खलफान:
पांढरी दिशदाशा, टोपीवर जांभळं भरतकाम,
चपला मात्र प्लास्टिकच्या,
आमच्या गुहागरला मिळतात तशाच.

पावणेअकरा झाले की तो दारात येतो
आणि मनगटावर बोट आपटतो.
त्या दिवशी मागच्या बाकावरून ओजस म्हणाला,
"यांना आपण इथे नकोच असतो.
बाबा म्हणतात, या लोकांपासून
चार हात लांबच राहावं."
कुणी हसलं नाही.
मिहिका खोडरबर चावू लागली.

माझ्याकडे भाषण तयार होतं.
बाईंकडे असतंच.
सगळी माणसं सारखी, वगैरे,
फळ्याच्या मधोमध लिहिण्याजोगं.
पण सहा वर्षांत मी खलफानला
त्याच्या बापाचं नाव विचारलं नव्हतं.
त्याने पुढे केलेला खजूर
"उपास आहे" म्हणून परतवला होता.
खजूर उपासाला चालतो, हे ठाऊक असून.

खडू उचलला, परत ठेवला.
वही उघडली. हजेरी घ्यायची राहिली होती.

"ऋजुल खांबेटे."
"हजर."
"मिहिका पेडणेकर."
"हजर."
"ओजस."
ओजस, खिडकीकडे बघत: "हजर."

आणि दारातून खलफान, छातीवर हात ठेवून,
केवढ्यांदा तरी: "हादिर!"

मुलांना वाटलं, हा चिडवतोय.
त्याला वाटलं, मुलं अरबी शिकतायत.

मग घड्याळाकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.
ऋजुलने खुर्ची थोपटली. "कुर्सी," तो म्हणाला.
साबण? साबून.
हिशोब? हिसाब.
तारीख? तारीख. इथे तर काना-वेलांटीही हलली नाही.
हातातलं कुलूप त्याने स्वतःच वर धरलं: "कुफ्ल."
मी दोन्ही शब्द फळ्यावर मांडले.
फचा प झाला होता,
आणि ल गुपचूप पुढे सरकून बसला होता,
बाई पाठमोऱ्या झाल्या की
मुलं जागा बदलतात तसा.
"फारसीत मुक्काम करून आलेत हे," मी म्हटलं,
"प्रवासात थोडं इकडचं तिकडे होणारच."

"आणि चावी?" मिहिकाने विचारलं.
"मिफ्ताह."
मुलं हिरमुसली. जुळलं नाही.
चावी पोर्तुगिजांची, मी सांगितलं,
ते तिकडेही आले होते, इथेही.
कुणाला विचारून आले नव्हते.

सव्वाअकरा. खलफानने कपाळावर हात मारला
आणि मोडक्या हिंदीत सांगितलं:
घरी म्हातारे वडील, सालेम,
जुम्म्याच्या नमाजाआधी त्यांना आंघोळ घालायची असते,
अत्तर लावायचं असतं,
दुसऱ्या कुणाच्या हातून ते घालून घेत नाहीत.
म्हणजे मनगटावरचं ते बोट.
सहा वर्षं.
तो धावत निघाला, प्लास्टिकच्या चपला फटफटत,
कुलूप माझ्याच हातात राहिलं.

पुढच्या शुक्रवारी दार दुसऱ्याच माणसाने उघडलं.
मी हजेरी घेतली, सतरा नावं,
आणि खाली पेन्सिलीने अठरावं:
"खल्फान सालेम". अक्षर तिरकं,
ओजसचं. ल उगाच अर्धा मोडलेला.
मीच तर वही त्याच्याकडे दिली होती, रकाने आखायला.

नाव पुकारलं.
वर्ग दाराकडे बघत राहिला.
"वडिलांना घेऊन मस्कतला गेलाय, इस्पितळात,"
नवा माणूस म्हणाला.

"मग काय लिहायचं, बाई?"
"गैरहजर," मी म्हटलं,
आणि माझी मीच थांबले.
गैर त्यांचा. हजर तर त्यांचाच.
नसणंसुद्धा आम्ही त्यांच्याकडूनच आणलेलं.

ओजसने पेन्सिलीने "गै" लिहिलं, पुसट,
लगेच खोडता यावं असं.
घरी बाबांना त्याने काय सांगितलं
ते मी विचारलं नाही.