पाच यार्ड मागं

वाळू उपसून नेल्यावर दुधनेच्या तळाला जो कडक गाळ उरतो
त्याच्यावर आम्ही फक्की मारली.
यार्ड मोजले दोरीला गाठी मारून;
शंभराऐवजी ऐंशीच भरले, पुढं बाभळी होत्या.
काळे-पांढरे पट्टे रहमतुल्ला टेलरनं शिवून दिले,
मनला, सर, हा शर्ट घालून बारशाला जाऊ नका.

नियम सोपा आहे. सेलूच्या पोरांना मीच शिकवला, मानवतच्याही.
रेषेवर सात जण. त्यातल्या फक्त दोन टोकांच्यांनी
फेकलेला चेंडू झेलावा, मधल्यांनी नुसतं रेटावं.
पण टोकाच्या बाहेर आणखी कुणी रेषेवर येऊन थांबला
की आतला झाकला गेला.
मग तो कितीही पळो,
पात्र नाही.

"कामून?" मुंजाजीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.
"दुसरा चुकीचा उभा ऱ्हायला, त्यात माझं काय?"
मी म्हणालो, तुझं काही नाही. तरी.

शेवटची दोन मिनिटं. सेलू चार गुणांनी मागं.
इलियास, अकरा नंबर, बाहेरच्या अंगाला येऊन थांबला
आणि माझ्याकडं बघून त्यानं अंगठा वर केला:
सर, रेषेच्या मागं आहे ना मी?
नव्हता. चपलेएवढा पुढं होता.

त्याच घडीला पुलावरून कुणीतरी हाक दिली, "रामराम, सर!"
आणि माझी मान हलली.
तीस वर्षांची सवय.
इलियासला वाटलं, त्याच्यासाठीच.

विश्वंभरनं चेंडू फेकला.
चौऱ्याऐंशी नंबर मुंजाजी बाभळीच्या सावलीपर्यंत गेला,
पाठमोरा, पळता पळता, नुसत्या बोटांवर झेलला त्यानं.
पूल दणाणला. एक म्हैस उठून उभी राहिली.
माझा पिवळा रुमाल केव्हाच गाळावर पडला होता.

अपात्र. पाच यार्ड मागं.
नदीच्या कोरड्या पात्रात उभा राहून
मी हे मोठ्यानं बोललो.
मुंजाजीनं चेंडू पँटीला पुसून माझ्या हातात दिला.
इलियास मात्र हलेना.
"सर, तुम्ही मान हलवली की."
"खेळ चालू," मी म्हणालो.

पुढच्या डावाला त्यानं पुन्हा अंगठा वर केला तेव्हा
मी अख्खा हात मागं ताणून धरला, खांदा दुखेपर्यंत:
आहेस, बाबा, मागं आहेस.
पुलावरून परत रामराम आला.
मी बघितलं नाही.
"सर लई माजले," तिथं कुणी तरी म्हणालं
आणि चेंडू सुटला.