पाना

सालमिया. दुपारचे सव्वादोन.
बोनेटवर ठेवलेलं ओलं फडकं
परत उचलेपर्यंत वाळतं.

पांढऱ्या गाडीची काच पुसताना
आतून एक नाक टेकलं.
बाई म्हणाल्या होत्या, पाच मिनिटं.
खिडकी बोटभर उघडी, जणू
भट्टीचं दार किलकिलं ठेवलं
की भाकर भाजायची थांबते.

आधी तो भुंकला. मग नुसती धाप.
मग काचेवर वाफही धरेना.

पाना माझ्याच हातात होता.
डोक्यात हिशेब: काच किती दिनारांची,
पगार किती, व्हिसा कुणाच्या हातात.
हिशेब लवकर सुटेना.
शाळेतही सुटायचा नाही.

शेवटी बशीरने पाना हिसकावला.
तांदळाच्या कण्यांसारखी काच सांडली.

साबणाचं पाणी ओतून दिलं, बादली नव्याने भरली.
पोट भिजवलं, पंजे, कान.
जीभ खूप वेळाने हलली,
तोवर आम्ही दोघंही बोललो नाही.

बाई आल्या. आधी काच बघितली.
बशीरच्या कार्डाचा नंबर लिहून घेतला.

तो आता इथे नाही.
गाडी येते, दर गुरुवारी.
हल्ली इंजिन चालू ठेवून जातात.
मी नवी काच पुसतो,
आतून नाक टेकतं
आणि माझ्या मागे कुठेतरी बघत राहतं.