बिलावर नाव काय घालू

शहापुरात आमचं मेडिकल. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात,
इन्सुलिनच्या मागं, परशा बिर्जेचं औषध ठेवलंय.
खोक्यावरची लिपी मला येत नाही.
कन्नड असती तर पोरीनं वाचली असती.

चोर्ला घाटातून थर्मासमध्ये आलं,
बर्फ निम्मा वितळलेला. कंडक्टरला चहापाण्याचे वीस रुपये.

विमा कंपनीचं पत्र त्याच्या बायकोनं, तुळसाक्कानं,
काउंटरवर उलगडलं. इंग्रजी.
आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं,
मराठीत आणताना एका जागी अडलो:
"मान्यता नाही."
"कुणाला? ह्यांना?"
"औषधाला, अक्का."
"मग गळ्याची गाठ बसली कशी ओ,
मान्यता नसताना?"

फेब्रुवारीत त्याची मान वळत नव्हती.
परवा उद्यमबागेत लेथवर उभा होता,
अर्धीच पाळी. लांबून मला हात केला.

डॉक्टर हळूच म्हणालेत, बिलावर दुसरं नाव घाला,
यादीतलं. पैसे सुटतील.
यादीतलं औषध तीनदा दिलं होतं त्याला,
ह्याच काउंटरवरून. गाठ वाढत गेली,
आणि तिन्ही बिलं पास झाली.

बिलबुकात कार्बन सरळ केला.
तुळसाक्का भिशीच्या नोटा मोजायची थांबली,
माझ्या हाताकडं बघत.
तारीख घातली. पेशंटचं नाव घातलं.
मग उगाच उठून फ्रीज उघडला,
किती अंश आहे बघायला.