दहा ग्रॅम

मोदिकात घर सांगायचं तर पायरी सांगतात.
ओरात्सिओ कान्नित्सो राहतो एकशे बाराव्या पायरीला.
दर गुरुवारी, सगळ्यात शेवटी, मी तिथं पोहोचते
तेव्हा त्याच्या छातीला नळी लावण्याआधी
माझीच छाती ऐकू येत असते.

बावन्न वर्षं त्यानं काळ्या दगडावर कोको वाटला.
खाली निखारे, वर दगडी रूळ, आणि रुळावर त्याचे खांदे.
आमच्या गावचं चॉकलेट साखरेला विरघळू देत नाही.
ऊब एवढीच, की कोकोला घाम फुटावा
आणि साखरेनं मात्र ताठ राहावं.
म्हणून ते दाताखाली बोलतं : कर्र, कर्र,
रात्री खडीच्या वाटेवरून
कुणी ओळखीचं परत आल्यासारखं.

आता साखर त्याच्या रक्तात,
आणि रक्ताचा दाब चढता.
मीच लिहून दिलं, सही-शिक्क्यासकट :
काळं चॉकलेट, ऐंशी टक्के. दिवसाला दहा ग्रॅम. वर नाही.
तो कागद त्यानं फ्रेम करून लावलाय
सान जोर्जोच्या तसबिरीखाली.
वर घोडा, टापेखाली ड्रॅगन,
ड्रॅगनच्या शेपटीशी माझं नाव.

पोस्ट उठलं तेव्हा त्यानं
पत्रं तोलायचा तराजू विकत घेतला होता,
उगाच, पितळ आवडलं म्हणून.
आता त्यात तुकडा ठेवतो.
नऊ भरले तर सुरीच्या टोकानं चुरा घालतो.
अकरा भरले तर माझ्याकडे बघतो.
मी खिडकीबाहेर बघते.

एकदा म्हणाला, नक्की काय होतं हो आत?
मी सांगितलं : कोकोत काही द्रव्यं असतात,
त्यांनी रक्तवाहिन्या जराशा सैलावतात,
दाब उतरतो. थोडा. कुणाकुणाचा.
पण त्यात तूप आहे, साखर आहे, तीही मोजायची.
शपथेवर सांगावं असं फार नाही.
तो म्हणाला, आई एवढंच सांगायची,
आधी कडू घ्यावं,
म्हणजे गोडाचा संशय येत नाही.

तो चावत नाही. डोळे मिटतो, आणि बोलतो,
दुसऱ्या कुणाला वाट सांगावी तसा :
आधी तुरट. मग धूर.
मग दालचिनी, ती थोडी आगाऊच.
आणि अगदी शेवटी,
आता काही येत नाही असं वाटल्यावर
संत्र्याची साल.
मग मी पट्टा बांधते. एकशे तीस, ऐंशी.
हे कोकोनं झालं,
की पाव तास कुणीच त्याला हाक मारली नाही म्हणून?
वहीत आकडा लिहिते.
कारणाला माझ्या वहीत रकाना नाही.

परवाच्या गुरुवारी दोन मृत्यूचे दाखले लिहून आले होते,
आणि एका पोराचा ताप, जो उतरेना,
आणि आईचे तीन फोन, जे मी घेतले नव्हते.
त्यानं माझ्या हातातला पट्टा काढून घेतला.
बसा, म्हणाला. पाय जमिनीला. बोलायचं नाही.
अगदी माझाच आवाज, माझाच तुसडेपणा.
यंत्र गुरगुरलं, थांबलं.
एकशे अठ्ठावन्न, शहाण्णव.
माझ्यापेक्षा जास्त! तो ओरडला,
पत्त्यांचा डाव जिंकल्यासारखा.

मग त्यानं आपले दहा ग्रॅम तोलले,
सुरी ठेवली, वर तळहातानं ठोका दिला.
पाच, पाच.
औषध वाटून घ्यायचं नसतं, मी म्हटलं.
मग हे औषध नाही, तो म्हणाला,
आणि विषय मिटला.

मी चावलं, कारण मला घाई होती.
कर्र.
त्यानं कपाळाला हात लावला.
दुसऱ्या कणाला मी थांबले.
तुरट आलं. धूर आला.
खिडकीखाली कुणीतरी पायऱ्या चढत होतं,
मध्येच टेकत, पुन्हा चढत.
फोन बॅगेत थरथरला आणि आपोआप गप्प झाला.
दालचिनी आली, आगाऊच होती.
काही येत नाही, मी म्हटलं.
तो डोळे मिटूनच म्हणाला,
थांबा.