डावा कोपरा

यंदा आपला नंबर आहे, असं मी
सतरा वर्षं म्हणत आलोय.
पण यंदा खरंच आहे.

सातपूरला पाण्याच्या टाकीमागं
दहा दिवसांचं शिबिर लागलंय.
पहाटे साडेपाचला थंडीनं स्कूटर तीनदा नाही म्हणते,
चौथ्या किकला मी निघतो,
मफलरमध्ये तोंड, पिशवीत केळी.
केळी पोरांसाठी. मंडळाचं बजेट
रात्रीच्या ग्लासभर दुधापाशी संपतं.

तीन नवे चढाईपटू आलेत.
सुरगाण्याचा हिरामण भोये, अंगानं वेताची काठी,
मध्यरेषेवर उभा राहतो तर वाटतं झोपलाय,
आणि मग जिथं पाय नव्हताच तिथून पाय येतो.
नांदूर शिंगोट्याचा प्रल्हाद सांगळे
बोनसला अंगठा असा टेकवतो
जणू पाणी गार आहे की कोमट ते बघतोय.
तिसरा मालेगावचा, शोएब, यंत्रमागावर रात्रपाळी केलेला.
त्याचा दम मोजायला तळेकर सरांनी घड्याळ लावलं,
थोड्या वेळानं
मुकाट्यानं खिशात ठेवून दिलं.

मी अंबडला लेथवर असतो. दिवसभर गेज लावून
केसाएवढा फरक पकडायचा, हे माझं पोट.
तेव्हा मी सांगतो ते मापानं सांगतो:
हिरामणचा हात जिथं संपायला हवा
तिथून पुढं दोन सूत जातो.

टपरीवर निकुळे अण्णा असतात.
येवल्याला एका गुणानं हरलो होतो, हे ते अजून
घरातल्या मयतासारखं सांगतात.
ते सुद्धा परवा म्हणाले, "जमतंय भो."
अण्णांच्या तोंडून जमतंय,
म्हणजे आम्ही मिरवणूक काढलीच तिथल्या तिथं.
ट्रॅक्टर कुणाचा, ढोल कुठला,
त्र्यंबक नाक्यावरून घ्यायची की गंगापूर रोडनं,
यावरून दोघं बोलेनासे झालेत.
बाजारात तुरी.

रात्री जेवताना घरी सांगत होतो,
पंधरा चढाया, चौदा वेळा सुखरूप परत,
लोण तर नुसते पत्त्यासारखे पडतात.
मुलगी नववीत. भूमितीच्या वहीतून मान वर न काढता म्हणाली,
"पण पप्पा, ते सुटतात कुणाच्या हातून?
आपल्याच ना?"

पोळीचा घास हातात राहिला.
डोळ्यांपुढं डावा कोपरा आला. आपला.
केशव गांगुर्डे, घोट्याला क्रेप बँडेज,
लग्न ठरल्यापासून जरा जपूनच झेपावणारा.
रात्रभर त्या कोपऱ्यातून कोण कोण निसटत राहिलं,
निफाड निसटलं, मनमाड निसटलं,
पहाटे पहाटे तर येवलाही.

आणि सकाळी स्कूटर पहिल्या किकला सुरू.
काय करणार.

काल शेवटचा दिवस. पोरं दूध प्यायला गेलेली,
सर दिवे घालवायच्या बेतात.
हिरामण एकटाच, समोर कुणी नाही,
रिकाम्या अंगणात चढाई करत होता,
त्याचं कबड्डी कबड्डी टाकीवर आपटून परत येत होतं.
मी चपला काढल्या.
माती चाळलेली, गार.
डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो,
वय एक्कावन्न, गुडघे त्याहून थोरले.
त्याला हसू आलं, पण दम सोडला नाही पठ्ठ्यानं.
मी डोळ्याची पापणी न हलवता बघत होतो
आणि तरी कळलं नाही
खांद्याला काय चाटून गेलं.

"काका, बाद."

बाद तर बाद.
नियमाप्रमाणे रेषेबाहेर जाऊन बसलो.
आता माझ्या बाजूच्या कुणी एक गुण आणला
की मी परत आत.
माझ्या बाजूला आत कुणी नव्हतंच,
हे मला दिसत होतं. बसून राहिलो.
पिशवीत दोन केळी उरली होती,
एक सोललं.

तिकडं हिरामण पुन्हा रेषेवर,
पुन्हा झोपल्यासारखा.