कोणतं हरीण

पत्र कॉव्हेंट्रीच्या गोदामातून आलं.
खाकी पाकीट, खिडकीत माझं नाव,
आडनावातला एक र गळलेला.
आपल्या पार्सलात प्राणिजन्य पदार्थ आढळला आहे.

मी आधी हसलेच.
आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.
कामावर सॉसेज वाढते ते हातमोजे घालून,
आणि घरी येऊन आंघोळ करते, हे अच्युतला विचारा.

मग खाली यादी: तुपाची बरणी, एक.
मधाची बाटली, एक, गळकी.
करड्या भुकटीच्या डब्या, तीन,
लेबलावर शृंगभस्म.

शृंग म्हणजे शिंग.
हे मला शाळेपासून येत होतं,
पण डबीवर वाचताना कधीच आलं नाही.
बावीस वर्षं. गुंजभर. मधातून. रात्री.
मोरकमच्या खाडीवरून ओला वारा सुटला
की माझी छाती भात्यासारखी वाजते,
आणि मिरजेहून हेमलता डब्या पाठवते,
जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून.

फोन लावला. पाऊण तास सनईसारखं काहीतरी वाजलं,
मग थ्वेट नावाच्या बाई आल्या. आवाज गोड, प्रश्न सरळ.
प्राणी कोणता?
हरीण.
कोणतं हरीण? शास्त्रीय नाव?
मिळवलं कसं?
पशुवैद्याचा दाखला?

मी म्हटलं, बाई, ती राख आहे.
त्या म्हणाल्या, हो, पण कोणाची?

मिरजेत तेव्हा रात्रीचे अकरा.
वैद्य म्हसकर झोपेतून उठून फोनवर आले, खाकरले.
ग्रंथात मृग एवढंच आहे, म्हणाले.
आणि जुन्या भाषेत मृग म्हणजे कुठलंही जनावर.
पण घाबरू नका, शिंग ते आपण होऊन टाकतं दरवर्षी,
कुणी मारत नाही त्याला.

हे मी थ्वेटबाईंना दुसऱ्या दिवशी तसंच सांगितलं.
त्या क्षणभर गप्प झाल्या.
टाकून दिल्याचं काही लेखी आहे का, म्हणाल्या.

अच्युत तीन दिवस हसत होता.
जेवायला बसलं की ताटाकडे बघून
कोणतं हरीण? असं विचारायचा, आमटीला.
चौथ्या दिवशी मला रात्रभर खोकला लागला, तेव्हा थांबला.

शेवटी फॉर्म आला. दोन चौकोन.
दाखले जोडत आहे.
हक्क सोडत आहे, माल नष्ट करावा.
पेन हातात धरून मी बराच वेळ बसले.
गजपुटात घातलेलं, शेणींच्या आगीत
आत-बाहेर पांढरं होईतो भाजलेलं,
त्याला ही माणसं आता कशानं जाळणार?

दुसऱ्या चौकोनात फुली मारली.
हेमलताला सांगितलं, मिळालं गं पार्सल.

कामावर ऑर्मरॉडआजींनी माझा खोकला ऐकला.
नव्वदीच्या. कानाला कमी, पण खोकला ऐकू येतो त्यांना.
उशाखालून बाटली काढून माझ्या खिशात कोंबली,
माशाच्या तेलाच्या गोळ्या. लहानपणापासून घेतात.
मी म्हटलं, यात मासा आहे.
त्या म्हणाल्या, असणारच. पण तो इथलाच गं,
त्याला कोण अडवतंय.

बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे.
सकाळी तासभर ऊन आलं तर येतं,
तेव्हा गोळ्या मधासारख्या दिसतात.
अजून उघडलेली नाही.
बावीस वर्षं हरीण खाल्लेली मी
माशापाशी का अडले, ते थ्वेटबाईंनीही विचारलं नसतं.

रविवारी ओहोटीला खाडीवर गेले होते.
मैलभर चिखल, त्यात शिंपल्यांचा खच,
कुणाचा, कुठला, कोणी टाकला,
काहीच लिहिलेलं नाही.
उभी राहून खोकले.
लांबवर एक कुत्रं थांबलं, वळून बघितलं,
आणि पुन्हा आपलं काहीतरी उकरायला लागलं.