पोटाकडची जमीन

दर बुधवारी, ग्रिम्सबीच्या गोदीपासून दोन गल्ल्या आत,
दातांच्या दवाखान्यात मी समुद्र कालवते.
बादलीत गाळलेलं पाणी, पिशवीतलं मीठ,
आणि लाकडी उलथनं, एके काळी घरचं,
आता आईलाही सांगता येत नाही कुठं गेलं.
बाहेर खराखुरा समुद्र पडलाय, करडा, फुकट.
पण तो या काचेत चालत नाही.
इथं पंचवीस अंश लागतात.

टाकीत रॉयल ग्रामा. एकटाच.
बोटाच्या दोन पेरांएवढा.
डोक्याकडून जांभळा, शेपटीकडून हळद्या,
आणि मध्ये शिवण नाही,
ठिपक्याठिपक्यानं हळद सांडत गेलेली.
कपारीच्या छताला पोट करून
तो उलटा तरंगतो,
इतका निवांत, की आपणच उलटे.

"मेला तो," खुर्चीतून लेन ऑस्गर्बी म्हणाला.
वय एक्याऐंशी. कवळीच्या मापाला आलेला.
तरुणपणी आइसलंडच्या बाजूला ट्रॉलरवर.
उलटा मासा म्हणजे काय, हे त्याला मी काय सांगणार.

तरी सांगितलं.
याला वर-खाली नसतं.
जो दगड जवळ, त्याच्याकडे पोट.
भिंत जवळ आली की भिंत जमीन.
छत आलं की छत.
झोपायला रोज तेच भोक,
आणि तिथं कुणी डोकावलं तर जबडा फाकतो.
चावायचं क्वचित. नुसता आ.
काचेत स्वतः दिसला तरी आ.

"काउंटरवरच्या मॉरीनसारखा," लेन हळूच म्हणाला.
मग बराच वेळ काही नाही. पंप तेवढा गुरगुरत होता.

"एका जानेवारीत बर्फ चढून बोट आडवी झाली.
मी भिंतीवर उभा. पायाखाली कॅलेंडर."
किती वेळ?
"मगातला चहा सांडून गार होईस्तोवर.
मग झाली सरळ.
पण घरी येऊन महिनाभर
मी पलंगाची कड धरून झोपायचो.
बायकोला वाटायचं, थंडी वाजते."

आतून त्याचं नाव पुकारलं.
तो आत गेला नाही. गुडघ्यांवर हात टेकून वाकला,
मान वाकडी करकरून कपारीखाली बघितलं.
ग्रामानं त्याच्याकडे आ केला.
लेननंही केला, बिनदातांचा, मोठा.

पुन्हा पुकारलं.
मी बादली उचलली.
फरशीवर मिठाचं पांढरं कडं उठलं होतं,
ते बुटानं पुसलं. नीट नाही पुसलं गेलं.